ठिपका हिरवा राहावा म्हणून

आमच्या कंपनीने एका सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता माझ्या कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका बसवला. मसुराच्या डाळीएवढा. हात चालू असला की हिरवा, तीन मिनिटं माऊस किंवा कीबोर्ड हलला नाही की पिवळा, आणि पाच मिनिटांनंतर लाल. सोबत आलेल्या पत्रात लिहिलं होतं की ही सोय कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी आहे. आजवर माझ्या भल्यासाठी जे जे आलं, एरंडेलापासून बाळंतपणातल्या पथ्यापर्यंत, त्याची चव मला माहीत आहे. म्हणून मी ते पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचत असताना ठिपका पिवळा झाला.

माझं कामच मुळी वाचण्याचं. विमा काढलेला माणूस दवाखान्यातून घरी गेला की त्याचे कागद आमच्याकडे येतात आणि त्याचा दावा मंजूर करायचा की नाही ते आम्ही ठरवतो. वीस-पंचवीस पानं, त्यातली निम्मी डॉक्टरांच्या हस्ताक्षरात. ते अक्षर लागायला दहा-दहा मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं, पाल दिव्याशेजारी बसते तसं. तेव्हा माझे दोन्ही हात मांडीवर असतात. म्हणजे मी सगळ्यात जास्त काम करत असते, नेमकी तेव्हाच कंपनीच्या लेखी मी झोपलेली असते.

हे काम मी हनमकोंड्यात घरी बसून करते. नवरा तिरुमलेश रामगुंडमच्या वीज केंद्रात, तो शनिवारी येतो. घरात मी, अत्तम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, आणि अकरा महिन्यांची चिन्नी. ही नोकरी गेली तर दुसरी हैदराबादला, आणि चिन्नी इथे. हे वाक्य मी मनातल्या मनातसुद्धा पुढे नेत नाही. चिन्नीच्या बाबतीत मी जरा अतीच करते असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी फक्त एक वही ठेवली आहे. तिने किती वाजता काय खाल्लं, किती मिनिटं झोपली, किती वेळा शिंकली, एवढंच त्यात लिहिते. तेव्हा माणसावर अशी नजर ठेवू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? पण मी चिन्नीला आठवड्याच्या शेवटी टक्के तरी देत नाही.

कंपनी देते. पहिल्या शुक्रवारी मला चोपन्न मिळाले.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. चोपन्न हा आकडा मी इतरांच्या गुणपत्रिकेत पाहिला होता. आमचा टीम लीडर सुधीर, वय सव्वीस, आवाजाने अत्यंत नम्र, त्याने फोन केला. "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना? नाही, तुम्ही दिवसातले साडेतीन तास दिसतच नाही."

"मी वाचत होते, सुधीर."

"हो मॅडम, पण वाचताना थोडं हलत राहा."

अत्तम्मांना मी हे सांगायला नको होतं. त्यांनी ते दूधवाल्याला सांगितलं, "सुनेला चोपन्न पडले," आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत मी कुठलीशी परीक्षा देऊन काठावर पास झाले होते. समोरच्या स्वरूपाक्कांनी आपल्या मुलाच्या शिकवणीच्या सरांचा नंबर आणून दिला.

वसुंधरा गारुंचा, गारु म्हणजे आमच्याकडचं 'जी', फोन तेवढा गोड होता. त्या काझीपेटला राहतात, आमच्याकडून रिक्षाने पंधरा मिनिटं. कंपनीत एकोणीस वर्षं झालेली. हे काम मी त्यांच्याकडूनच शिकले. कुठल्या दवाखान्यातला कुठला डॉक्टर 'उजवा' आणि 'डावा' सारखंच लिहितो हे त्यांना तोंडपाठ. माझ्या नवव्या महिन्यात माझ्या वाट्याच्या फायली त्यांनी गुपचूप स्वतःकडे ओढून घेतल्या होत्या आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

"चोपन्न?" त्या हसल्या. "मला एकोणपन्नास. नापासांतसुद्धा तू माझ्या पुढे गेलीस बघ."

"तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"वाटते गं. पण न वाचता सही कशी करू? सवयच नाही."

त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, चार वर्षांपासून अंथरुणावर आहेत. त्यांनाही ही नोकरी घरूनच हवी होती. हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते हे माहीत असताना झालं, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आमच्या वरच्या मजल्यावर ओदेलू गारु राहतात. वीज खात्यातून निवृत्त. चोपन्नाची बातमी ऐकून ते स्वतःहून खाली आले, खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले आणि आपल्या पिढीतला एखादा जुना शत्रू भेटावा तसे त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"हा मीटर आहे, अम्मा," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी मीटर तपासले. थांबवणारे पाहिले, उलटा फिरवणारे पाहिले. एकाने आत चुंबक ठेवून वर देवाचा फोटो लावला होता, मी हात लावू नये म्हणून. पण मीटर पळवायचाय म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा भेटतंय."

"अशा लोकांना तुम्ही पकडायचात ना?"

"पकडायचो म्हणून तर माहीत आहे."

खात्याने निवृत्तीला दिलेलं घड्याळ त्यांनी मनगटावरून काढलं आणि माऊसखाली सरकवलं. सेकंदकाटा फिरला की माऊसला वाटतं आपण सरकलो. ठिपका हिरवा राहिला. मी मांडीवर हात ठेवून फाइल वाचली, अत्तम्मांनी ओदेलू गारुंना चहा दिला, आणि चाळीस मिनिटांनी घड्याळ बंद पडलं. त्यांनी ते हलवलं, कानाला लावलं, चावी दिली. "खात्याचं घड्याळ होतं," एवढंच म्हणून ते वर गेले. त्यांनी आरोप केला नाही. आरोप केला असता तर मला जेवण गेलं असतं.

दोन दिवसांनी ते मोठ्या मनाने परत आले, या वेळी दोरा घेऊन. योजना अशी की माऊस दोऱ्याने मान फिरवणाऱ्या टेबलफॅनला बांधायचा. पंखा डावीकडे वळला की माऊस डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. योजनेत चूक नव्हती. दोरा चार बोटं कमी पडला. पंख्याने उजवीकडे पाहताना माऊस उचलला आणि अत्तम्मांनी माझ्यासाठी वाढून ठेवलेल्या गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, वरणात सोडला.

आता नवा माऊस कंपनीकडून मागवायचा म्हणजे अर्ज. अर्जात नुकसानीचं कारण. मी 'अन्न सांडणे' लिहिलं, जे खरं तर उलट होतं, माऊसच अन्नात सांडला होता, पण तसा पर्याय नव्हता. त्यावर उत्तर आलं की कामाच्या जागी अन्न असणं नियमात बसत नाही, तरी कामाच्या जागेचा फोटो पाठवावा. फोटोत अन्न, अंथरूण व अपत्य दिसू नये. आमच्या दोन खोल्यांत या तीन गोष्टी सोडून दुसरं आहे काय? चिन्नीला उचलून अत्तम्मा न्हाणीघरात उभ्या राहिल्या, गाद्या मी ओदेलू गारुंकडे नेऊन टाकल्या आणि रिकाम्या खोलीचा फोटो काढला. तो पाहून सुधीरने काळजीने विचारलं, "मॅडम, घर बदलताय का?" हा सगळा पत्रव्यवहार कंपनीच्या कामात धरत नाहीत. तो चालू असताना ठिपका लाल होता. त्या आठवड्याला मला एक्केचाळीस पडले.

आता अत्तम्मांनी प्रकरण हातात घेतलं.

"सगळं नीट सांग. तुझ्याकडे बघतं कोण?"

"कंपनी."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मग एवढ्या भाषा शिकून सरळ सांगता येत नाही का, दृष्ट लागली म्हणून?"

त्या बाजारात जाऊन चांगला सात किलोचा कोहळा घेऊन आल्या. आमच्याकडे दृष्टीला कोहळाच दारावर टांगतात, आणि खरं सांगते, कंपनीच्या एकशे वीस पानी नियमपुस्तिकेपेक्षा मला त्यांचं निदान जास्त पटलं. पण टांगायला दाराच्या वर कडी नव्हती. ओदेलू गारु भिंतीला भोक पाडून देणार होते, तोवर कोहळा माझ्या टेबलाखाली बसून राहिला.

आणि गुरुवारी शोध लागला, कोणी न लावता. चिन्नी साडीच्या झोळीत झोपली होती. झोळी छताच्या आकड्याला, माझ्या खुर्चीमागेच. अत्तम्मा दोरी ओढत होत्या. पंख्याच्या प्रयोगातला दोरा ओदेलू गारुंनी नव्या माऊसलाही बांधून ठेवला होता, त्याचं टोक कसंतरी झोळीच्या काठात अडकलं, आणि झोळीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर माऊस चटईवर वीतभर पुढे, वीतभर मागे सरकू लागला. चिन्नी सत्तर मिनिटं झोपली. वहीत तशी नोंद आहे. सत्तर मिनिटं ठिपका हिरवागार होता, भाताच्या रोपासारखा.

पुढच्या सोमवारपासून आमचा कारखाना सुरू झाला. अत्तम्मा झोका देत, झोका माऊस हलवी, मी वाचत बसे. पडद्यावरचा बाणसुद्धा झोके घेई, हे एक होतं. 'पुढचे पान' या चौकोनावर तो येईल त्या क्षणी टिचकी मारावी लागे. चुकलं की पुढच्या हेलकाव्याची वाट बघायची. दुपारपर्यंत मला बोट लागल्यासारखं मळमळे. पूर्वी दिवसात नऊ फायली व्हायच्या, आता पाच. टक्के मात्र शुक्रवारी ब्याण्णव आले.

एकच अडचण. चिन्नी दिवसातून दोनदाच झोपते, आणि कंपनी आठ तास बघते. जागी झाली की ती झोळीत एक क्षण थांबत नाही. मी म्हटलं, "अत्तम्मा, रिकामीच हलवा ना."

त्यांनी दोरी खाली ठेवली. "रिकामी झोळी हलवायची नसते. पोराला पोटदुखी लागते. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

मी शिकलेली बाई आहे. तरी त्या दिवशी वहीत चिन्नी दोनदा कळवळून रडल्याची नोंद होती, म्हणून मी वाद घातला नाही. आम्ही दोघींनी खोलीभर नजर फिरवली आणि ती एकाच वेळी टेबलाखाली गेली.

कोहळा झोळीत छान बसला. वजन चिन्नीपेक्षा थोडं कमी, पण हेलकावा जास्त एकसारखा. रडत नाही, कूस बदलत नाही. अत्तम्मा सुरुवातीला मुकाट्याने दोरी ओढायच्या. पण चाळीस वर्षांची सवय, हाताबरोबर गळाही चालू लागतो. तिसऱ्या दिवसापासून त्या कोहळ्याला अंगाई म्हणू लागल्या. चौथ्या दिवशी माशा बसतात म्हणून त्याच्यावर दुपटं घातलं. आपली झोळी कोणी बळकावली हे चिन्नीला बरोबर कळलं, ती खालून झोळीचा पदर ओढून भोकाड पसरायची, आणि अत्तम्मा नकळत म्हणायच्या, "हळू गं, उठेल तो."

नेमक्या अशाच वेळी स्वरूपाक्का हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. त्यांनी खाली रांगणारी चिन्नी पाहिली. वर हलणारी झोळी पाहिली. बोटं मोजल्यासारखं करून माझ्या पोटाकडे पाहिलं. मग दुपटं उचललं.

 बोलावणं करायचं विसरून त्या तशाच परत गेल्या. तासाभरात तिरुमलेशचा रामगुंडमहून फोन, आणि संध्याकाळी, बुधवार असताना, तो स्वतः दारात. "अम्मा भाजीला अंगाई म्हणते असं मला तीन जणांनी सांगितलं," तो आईच्या डोळ्यांत वाकून बघत म्हणाला.

"भाजी नाही, दृष्टीचा आहे," अत्तम्मा म्हणाल्या, आणि दोरी त्याच्या हातात देऊन भात टाकायला गेल्या. तो अर्धा तास झोका देत बसला. विजेचा माणूस, त्याला यंत्र आवडलं असावं.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगते. माहेरी दोनदा सांगितली, खूप हसले सगळे. इथून पुढची सांगत नाही.

महिन्याच्या आढाव्याच्या बैठकीत सुधीरने पडद्यावर सगळ्यांचे शेवटच्या आठवड्याचे आकडे लावले. सगळ्यात वर मी. सत्त्याण्णव. "स्रवंती मॅडमना लहान बाळ आहे," तो म्हणाला. "फायली जरा कमी आहेत, पण मेहनत बघा. लहान बाळाची आई हे करू शकते तर बाकीच्यांना काय अडचण आहे?" बाकीच्या तेरा जणांनी टाळ्यांचे हात पाठवले. वसुंधरा गारुंनीही पाठवला. त्यांचं नाव सगळ्यात खाली होतं. पुढच्या महिन्यापासून नव्वदच्या खाली कोणी चालणार नाही, असं सुधीरने शेवटी सांगितलं. नव्वद कुठून आलं? माझ्यावरून आलं. माझ्यातून सात वजा केले होते, सवलत म्हणून.

दुपारी वसुंधरा गारुंचा फोन आला.

"स्रवंती, एक विचारू? हसू नकोस."

"विचारा ना."

"तू हे कसं करतेस गं? मी कामाच्या टेबलावरच जेवायला लागले. यांना सकाळीच पुसून, औषध देऊन मोकळी होते. तरी बासष्टच्या वर जात नाही. वाचायला लागले की हात थांबतात माझे. तुझे कसे थांबत नाहीत? मला सांग, मी शिकेन."

माझ्या मागे झोळी करकरत होती. मी फोनच्या तोंडावर हात ठेवला. सांगायला किती वेळ लागला असता? दोरा, चटई, एक कोहळा. त्यांच्या घरी छताला आकडा नसता तर ओदेलू गारुंनी दुसरं काही काढलं असतं. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: आपल्या दोघींचे माऊस सारखेच हलताना कुणी पाहिलं तर? त्या साध्या आहेत, कुणी विचारलं तर खरं सांगून टाकतील. मग हैदराबाद. मग चिन्नी इथे.

"सवयीनं होतं हो," मी म्हटलं. "मी पहाटे उठून सगळं उरकते. आणि... पाणी कमी पिते. म्हणजे उठावं लागत नाही."

हे शेवटचं मला कुठून सुचलं ते अजून कळलेलं नाही. खोट्याला तपशील लागतो, तेवढंच.

त्या म्हणाल्या, "पाणी. हे माझ्या लक्षातच नाही आलं. बरं झालं विचारलं." आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी कामाच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. निरोप नाही, केक नाही. चौदांचे तेरा झाले आणि त्यांच्या उरलेल्या फायली आपोआप सगळ्यांच्या नावावर वाटल्या गेल्या.

मी सुधीरला फोन केला आणि सगळं सांगितलं. घड्याळ, पंखा, झोळी, कोहळा. सांगताना रडत होते, त्यामुळे त्याला 'कोहळा' तीनदा सांगावं लागलं.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमचे सत्त्याण्णव मी वर पाठवलेत. त्यावर मला शाबासकीचं पत्र आलंय. आता हे सांगितलं तर आधी माझं काय होईल?"

"पण वसुंधरा गारुंना परत..."

"त्यांची जागाच काढून टाकली, मॅडम. तेरा जणांत काम होतं असं दिसलं." मग आणखी हळू, "माझ्याही पडद्यावर ठिपका आहे. हा फोन चालू असताना तो लाल आहे."

मी दोरा कापला. अत्तम्मांनी कोहळा उचलला, ओदेलू गारुंना हाक मारली आणि उभ्या राहून दारावर टांगून घेतला.

शनिवारी मी काझीपेटला गेले. वसुंधरा गारु बारीक झाल्या होत्या. आतल्या खोलीतून यजमानांनी "कोण?" विचारलं, त्यांनी "आपली स्रवंती" म्हणून सांगितलं, आणि त्या 'आपली'ने मी दारातच अर्धी झाले. बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. झोळीपासून सांगितलं, पण या वेळी कोणी हसलं नाही, आणि कोहळ्यापाशी आल्यावर मला स्वतःलाच ते किती क्षुद्र आहे हे कळलं.

"म्हणजे पाण्याचं खोटं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी पंधरा दिवस केलं ते. मग लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टर ओरडले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्या दिवशी फोनवर तू मध्येच गप्प झालीस ना, मला वाटलं बाळ उठलं असेल. म्हणून मी लवकर ठेवला."

मला म्हणायचं होतं, माफ करा. म्हटलंही. त्या शब्दाला ठेवायला त्या घरात जागा नव्हती, तो तसाच मधे पडून राहिला.

त्यांनी उपीट केलं, मला खायला लावलं. मी निघताना फाटकापाशी म्हणाल्या, "एक काम करशील? शेवटच्या आठवड्यात मी डाव्या हाताने माऊस हलवत वाचायचे. वाचायचे कसलं, पानं उलटायचे. कोमुरय्या म्हणून एक म्हातारा होता, जनगावकडचा, ताडी काढणारा. पाठीचं जुनं दुखणं, त्याला विमा नाही, म्हणून त्याचा दावा मी नाकारला. तेव्हापासून मन लागत नाही. नाकारलेल्या फायली पुन्हा तपासायला येतात. आली तर तू घे. नीट वाच."

ती आली नाही, मी मागून घेतली. मंगळवारी सकाळी अकराला उघडली. सव्वीस पानं. हात मांडीवर ठेवले आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. अक्षर भयंकर होतं. पहिल्या दहा पानांत जुनी पाठदुखी, जुन्या गोळ्या, पूर्वीचे एक्स-रे. कोणीही नाकारलं असतं. पुढच्या पानावर, सगळ्यात खाली, रात्रपाळीच्या कुणा शिकाऊ डॉक्टरने तिरक्या ओळीत लिहिलं होतं की रुग्ण आज पहाटे ताडावरून पडला, मणका आजचा मोडलेला आहे, जुन्या दुखण्याशी संबंध नाही. ती एक ओळ लावायला मला अठरा मिनिटं लागली. मी दावा मंजूर केला.

सुधीरचा फोन आला. "मॅडम, सलग त्रेचाळीस मिनिटं लाल. कारण निवडावं लागतं मला. काय करत होता?"

"वाचत होते."

त्याच्या बाजूला टिचकीचे आवाज आले, यादी वरखाली केल्यासारखे. "वाचन नाहीये यात," तो म्हणाला. "चहा आहे, वीज गेली आहे, आणि प्रकृती आहे. चहा टाकू?"

"टाक," मी म्हटलं.

मग मी काझीपेटला फोन लावला. त्यांनी बऱ्याच वेळाने उचलला; मागे यजमानांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"कोमुरय्याचं झालं," मी म्हटलं. "मंजूर केलं. तो पडला होता, ताडावरून. लिहिलं होतं त्यात."

"कुठं लिहिलं होतं?"

"अकराव्या पानावर. अगदी खाली."

 मी थांबले. या वेळी फोन कुणी लवकर ठेवला नाही.

"मी दहाव्यापर्यंत पोचले होते," त्या म्हणाल्या.